अनुभव धागा: उष्णता आणि तापमान वेगळं, हे तुम्हाला कुठे पटलं?

मी शाळेत विज्ञान शिकवते. दर हिवाळ्यात पहिल्या तासाला मुलांना एक हात बाकाच्या फळीवर, दुसरा त्याच्या लोखंडी पायावर ठेवायला सांगते. "लोखंड जास्त गार!" सगळा वर्ग ओरडतो. मग दोन्हींना थर्मामीटर लावतो. आकडा एकच. रात्रभर एकाच खोलीत असल्यावर दुसरं काय होणार? लोखंड हातातली उष्णता झपाझप ओढून घेतं, लाकूड हळूहळू. हाताला कळतो तो उष्णता जाण्याचा वेग.

पुस्तकातून हे पाठ होतं, पटतं मात्र अंगावर आल्यावर. तुमचे अनुभव लिहा. कारण चुकलं तरी चालेल, मिळून शोधू.

*

माझं माहेर नागपूर, सासर ठाणे. आईने प्रेमाने माठ दिला होता. नागपुरात मे महिन्यात त्यातलं पाणी दातांना लागायचं, बुडाखालचं फडकं दिवसातून दोनदा ओलं करावं लागे. ठाण्यात फडकं सुकेचना आणि पाणीही गार होईना. सासूबाईंनी नवा माठ आणला, तोही तसाच. माठाचा दोषच नव्हता. झिरपलेलं पाणी हवेत उडतं तेव्हा आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. ठाण्याची हवा आधीच दमट, पाणी उडणार कसं? कूलरचंही इथे तेच होतं.

*

इडलीपात्र उघडताना मनगटावर वाफ आली आणि टरारून फोड उठला. उकळत्या पाण्याचे शिंतोडे याआधी कितीदा उडाले, इतकं कधी भाजलं नव्हतं. दोन्ही १०० अंशांचेच ना? मुलीच्या दहावीच्या पुस्तकात उत्तर मिळालं, अप्रकट उष्मा. एक ग्रॅम उकळतं पाणी ३७ अंशांपर्यंत निवताना ६३ कॅलरी देतं. वाफ नुसती पाणी होतानाच ५४० कॅलरी सोडते, मग वर या ६३. आता झाकण पलीकडच्या बाजूने उचलते. तुम्हीही तसंच उचला.

*

लेहला, साधारण ३५०० मीटरवर, पातेल्यात तूरडाळ तासभर उकळली तरी दाणा टचटचीत. आच वाढवली, तर पाणीच आटलं. तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं. आच वाढवून वाफ वाढते, तापमान नाही. घरमालकिणीने कुकर दिला तेव्हा जेवलो.

*

आमची पत्र्याची खोली होती. दुपारी पंखा लावला तरी डोक्यावर धग. वडिलांनी पत्र्याखाली वीतभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्या बांधल्या आणि त्याच खोलीत आम्ही दुपारी झोपू लागलो.

*

तट्ट्या बांधण्याआधी, थंडीत पहाटे पत्र्यातून पाणी ठिबकायचं का हो?

*

हो! पाऊस नसताना पांघरूण ओलं व्हायचं. आई म्हणायची, पत्रा रडतोय. रात्री पत्रा मोकळ्या आभाळाकडे उष्णता सोडून हवेपेक्षाही गार पडायचा. ते पाणी आमच्याच श्वासातलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.