मदत हवी आहे: वन्यजीव पेपरच्या पुरस्कारासाठी पत्र, परवापर्यंत

उसातला_कॅमेरा
नमस्कार. पुरस्कारासाठी नामांकन पाठवायचंय, मुदत परवा रात्रीची. फॉर्म भरून झालाय, पत्र अडलंय. त्यात नेमकं काय लिहितात? दोन ड्राफ्ट केले, दोन्ही वाचताना मलाच जांभया आल्या. कोणाकडे नमुना असेल तर टाका. व्याकरण तपासून नकोय, मजकूर हवाय. प्लीज लवकर.

गोदाकाठ
वन्यजीव पेपर म्हणजे शोधनिबंध की वर्तमानपत्र? पुरस्कार कोणाचा? पेपर कोणाचा? तुम्ही कोण? एवढं कळलं तर बोलता येईल.

खडूस_संपादक
नमुना कशाला लागतो? पहिल्या ओळीत जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या पेपरना सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा. दुसऱ्या ओळीत आपल्या पेपरला सायटेशन किती, म्हणजे इतरांनी त्याचा किती वेळा संदर्भ दिला ते. परीक्षकाला पन्नास पत्रं वाचायची असतात, तो आकडे बघतो. मी स्वतः दोन समित्यांवर होतो.

उसातला_कॅमेरा
शोधनिबंध हो. द वाइल्डलाइफ सोसायटी, अमेरिकेची. विषय बिबट्या, उसाच्या पट्ट्यातला. सायटेशन फार नाहीत, अजून दोन वर्षंही झाली नाहीत छापून.

माळरान
अरे वा, म्हणजे त्या अमेरिकन वन्यजीवतज्ज्ञ आल्डो लिओपोल्डच्या नावाचं पदक! अभिनंदन!!

बोल्डरकर
@माळरान, नाही. लिओपोल्ड पदक माणसाला मिळतं, वन्यजीव संरक्षणातल्या आयुष्यभराच्या कामासाठी. लिओपोल्ड १९४८ मध्ये गेला, पहिलं पदक १९५० चं. धागाकर्ती म्हणतेय तो प्रकाशनांचा पुरस्कार. त्यात पुस्तक वेगळं, संपादित पुस्तक वेगळं, मोनोग्राफ (एकाच विषयावरचा लांबलचक अभ्यास) वेगळा, जर्नलमधला पेपर वेगळा. योग्य खान्यात टाकलंय ना, ते आधी बघ.
आणि संपादक साहेब, ही संस्था १९३७ ची. त्याच वर्षी तिने 'जर्नल ऑफ वाइल्डलाइफ मॅनेजमेंट' काढलं, नावातच 'मॅनेजमेंट' आहे, म्हणजे प्रत्यक्ष जमिनीवरचं काम. तिथे इम्पॅक्ट फॅक्टरची आरती ओवाळून काय मिळणार?

खडूस_संपादक
नावात असून काय होतं? शेवटी आकडेच चालतात. 'जंगलावर प्रेम' वगैरे लिहून पुरस्कार मिळत असते तर अर्ध्या सदाशिव पेठेला मिळाले असते.

डेटा_आजी
इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा असतो, पेपरचा नव्हे. एखाद्या जर्नलमधल्या चार पेपरना ढीगभर सायटेशन असतात आणि बाकीचे त्यांच्या पुण्याईवर मिरवतात. पेपरची किंमत जर्नलच्या आकड्यावरून ठरवू नका, असं संशोधनाच्या मूल्यमापनाबद्दलच्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात २०१२ सालीच म्हटलंय. शहाण्या समित्या आता तो आकडा पत्रात दिसला तरी नाक मुरडतात.

निवृत्त_रेंजर
मी संशोधक नाही, पण वनखात्यात तीस वर्षं काढलीत, म्हणून बोलतो. २००१ नंतरचा जुन्नर आठवतो. बिबट्या दिसला की गाव पिंजरा मागायचं, आम्ही लावायचो, सापडला की लांबच्या जंगलात सोडायचो. सगळे खूश. पुढे २०११ मध्ये विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. सोडलेले बिबटे सरासरी ३९.५ किलोमीटर लांब नेले होते. माणसांवरचे हल्ले आधी वर्षाला सरासरी ४ होते, ते १७ वर गेले. आम्ही ज्याला उपाय म्हणत होतो त्यानेच दुखणं वाढवलं होतं. त्याच वर्षी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने बिबट्या-संघर्षाची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातही असं उचलून दुसरीकडे सोडण्याला विरोध आहे.
पेपर मोठा की नाही, हे मी यावरून ठरवतो. तो आल्यावर पिंजऱ्याच्या जीपचं तोंड कुठे वळलं?

बोल्डरकर
+१. ताई, उत्तर मिळालं तुला.

खडूस_संपादक
एवढं सगळं झालं ते आकड्यांमुळेच ना? चाराचे सतरा!

डेटा_आजी
ते पेपरमधले आकडे हो. तुम्ही पेपरवरचे सांगत होता.

शेळीवाला_पाटील
विषय बिबट्याचा चाललाय म्हणून विचारतो. आमच्या वस्तीवर परवा रात्री शेळी नेली. भरपाई मिळते का? कुठे जायचं?

माळरान
अमेरिकेची शाबासकी कशाला हवी? आपली बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) १८८३ ची, तिचं जर्नल १८८६ पासून निघतंय. अमेरिकेतल्या संस्थेचा तेव्हा पत्ताही नव्हता.

गोदाकाठ
माझ्या एका प्रश्नाचं उत्तर अजून बाकी आहे. पेपर कोणाचा? पत्रावर सही कोणाची?

उसातला_कॅमेरा
मुख्य लेखक माझ्या गाइड मॅडम. मी चौथी लेखक. सही एका बाहेरच्या सरांची. ते म्हणाले, मजकूर पाठवा, मी सही करतो. सगळीकडे असंच चालतं ना?

गोदाकाठ
हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं होतं! आपल्याच पेपरची स्तुती आपणच लिहायची आणि सही दुसऱ्याची? जांभया का आल्या ते कळलं आता.

खडूस_संपादक
चालतं सगळीकडे. उगाच सोवळं नको.

डेटा_आजी
चालतं म्हणून चालवायचं नसतं. सरांना मजकूर देऊ नकोस, कच्चा माल दे: शेतात काय केलंत, काय सापडलं, कुठे वापरलं गेलं. वाक्यं त्यांची त्यांना लिहू देत. पत्रं कोणी लिहावीत याबद्दल संस्थेचे नियम असतील, तेही आज वाचून घे.

निवृत्त_रेंजर
बेटा, पेपर तुमच्या भागातल्या रेंज ऑफिसात कोणी वाचला का? खरं सांग.

उसातला_कॅमेरा
वाचला असं नाही म्हणता येणार काका, इंग्रजी आहे. पण एक झालंय. पेपरमध्ये एक नकाशा आहे, कुठल्या ओढ्याने बिबट्या कोणत्या फडात येतो-जातो त्याचा. गेल्या महिन्यात कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आणायला गेले, तर तिथल्या वनरक्षकाच्या टेबलावर काचेखाली त्या नकाशाची झेरॉक्स. चहाच्या कपाचा गोल उमटलेला. ऊसतोड कुठल्या फडात चालू आहे तिथे पेनने तारीख घातलेली. टोळीच्या मुकादमाला फोन करून सांगतो म्हणाला, पोरांना त्या बांधाकडे झोपवू नका. हे पत्रात येतं का? मला वाटलं हे फारच किरकोळ आहे.

बोल्डरकर
किरकोळ?? इतका वेळ आम्हाला नमुना मागतेस आणि हे काचेखाली दडवून ठेवलंस!

निवृत्त_रेंजर
त्या वनरक्षकाला फोन कर. त्याच्या साहेबांकडून चार ओळी लेटरहेडवर घे. मॅडमच्या हुशारीबद्दल एक शब्द नको. नकाशा कधीपासून वापरतो, कशासाठी वापरतो, एवढंच.

खडूस_संपादक
तारखा घ्या नीट. आणि त्या काचेचा फोटो काढा, चहाच्या डागासकट. (हो, मीच म्हणतोय.)

शेळीवाला_पाटील
कोणी सांगेल का?

निवृत्त_रेंजर
पाटील, १९२६ ला फोन लावा, वनविभागाची हेल्पलाइन आहे. पंचनामा होईपर्यंत शेळीचं जे काही उरलंय ते जागचं हलवू नका. आणि राहिलेल्या शेळ्या रात्री बंदिस्त गोठ्यात घ्या, नुसता कुडाचा आडोसा पुरत नाही.

उसातला_कॅमेरा
आरएफओ साहेबांशी (त्या वनरक्षकाचे वनक्षेत्रपाल) बोलले. देतो म्हणाले, पण मराठीत. सरांनाही सांगितलं की तयार मजकूर देणार नाही, टिपणं देते. थोडे नाराज झाले, पण हो म्हणाले. आता मराठी पत्राचा इंग्रजी अनुवाद मी केला तर परत तेच होईल ना? चौथी लेखक मीच आहे.

डेटा_आजी
मूळ पत्र स्कॅन करून जोड. अनुवाद मी करते, माझा तुमच्या बिबट्याशी काही संबंध नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

शेळीवाला_पाटील
लागला फोन. उद्या सकाळी येतायत.