मदत हवी आहे: कच्च्या रस्त्यांसाठी रूट प्लॅनिंग ॲप

गोव्यातल्या सांगे, रिवण, नेत्रावळी भागातल्या तांबड्या मातीच्या आतल्या रस्त्यांवर सायकल चालवायची आहे. नेहमीचं नकाशा ॲप डांबरीवरच आणून सोडतं, नाहीतर थेट कुणाच्या तरी कुळागरात (पोफळीच्या बागेत)! ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मोफत नकाशाचे ऑफलाइन नकाशे उतरवून पाहिले. वाटा दिसतात, पण पुष्कळ ठिकाणी रस्ता मातीचा की डांबरी याची नोंदच नाही. कोमूट आणि राइड विथ जीपीएस या सायकलमार्ग आखायच्या ॲप्सचाही आधार मुख्यतः तोच नकाशा, म्हणून पैसे भरण्याआधी विचारतोय.

अँड्रॉइड फोन आहे, वेगळं जीपीएस यंत्र नाही, टायर ४० मिमीचे. जंगलपट्ट्यात रेंज नसते. अभयारण्याच्या आतल्या वाटा नकोत, परवानगीची भानगड नको. सॅटेलाइट चित्र बघून हाताने रेघ ओढणं जमतं, पण झाडीखाली काहीच दिसत नाही.

कच्चा रस्ता मुद्दाम निवडू देणारं, चढ दाखवणारं आणि नेटशिवाय वळणं सांगणारं कोणतं ॲप तुम्ही या भागात प्रत्यक्ष वापरलंय?