जुलैत फिनलंडला जातेय, उकाडा खरंच नसतो का?

गोदाकाठची: मुलगी हेलसिंकीजवळ असते, जुलैत तिच्याकडे महिनाभर जातेय. इकडे कॉलेज रोडला सगळ्या मैत्रिणी म्हणतात की तिकडे कसला उन्हाळा, थर्मल ने, जाड स्वेटर ने, आणि लेक फोनवर म्हणते आई सुती कपडे आण, मागच्या वर्षी रात्रभर झोप नव्हती. मला बीपी आहे म्हणून विचारतेय, नक्की काय धरून चालू?

सिडकोवाला: काकू, लेकीचं ऐका. मी तिकडे चार वर्षं होतो. जाताना मीही म्हणायचो, नाशिकचा मे काढलेल्या माणसाला 28 डिग्री म्हणजे काय. पण घरातच खरा फरक आहे हो. भिंतींत जाड इन्सुलेशन, खिडक्यांना तीन-तीन काचा, सगळं थंडीसाठी बांधलेलं, त्यामुळे एकदा आत शिरलेली उष्णता बाहेर पडायचं नावच घेत नाही. छताला पंखा नाही, फ्लॅटमध्ये तर एसी फार कमी. आणि आपल्याकडे ऊन डोक्यावरून येतं, स्लॅब तापतो, तिकडे सूर्य तिरपा, तो सरळ खिडकीतून आत, जूनच्या शेवटी पहाटे चारच्या आधी उगवतो तो रात्री पावणेअकराच्या पुढे मावळतो. पश्चिमेच्या खोलीत रात्री नऊला तिरीप तोंडावर यायची. आपल्याकडे संध्याकाळी गंगापूर धरणाकडून वारा सुटला की जीव सुटतो, तशी संध्याकाळच होत नाही लवकर. त्यांच्याकडे 25 च्या वर पारा गेला की त्या दिवसाला ‘हेल्ले’ म्हणतात, वेगळा शब्दच आहे. 2010 मध्ये योएन्सूला 37.2 झालं होतं.

गोदाकाठची: बापरे 37! मग स्वेटर नकोच का?

सिडकोवाला: न्या न्या, एक पातळ स्वेटर आणि रेनकोट हवाच. जुलैत दुपारी साधारण 21-22 च असतं, पाऊस पडला की गारठा. पण 2025 च्या जुलैत देशात कुठे ना कुठे सलग 22 दिवस 30 च्या वर होतं, असंही होतं.

पंचवटी_नर्स: ताई, बीपी आहे म्हणून मुद्दाम लिहितेय. 2021 ला कॅनडात ब्रिटिश कोलंबियात उष्णतेची लाट आली, लिटन गावात 49.6, त्या प्रांतात उष्णतेने 619 माणसं गेली, बहुतेक वयस्कर आणि जवळजवळ सगळी घरातच, म्हणजे उन्हात फिरून नाही. गोळी पाणी काढणारी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारूनच जा. बाहेर घरापेक्षा गरम असेल तोवर पडदे, खिडक्या बंद आणि रात्री गार झालं की सताड उघड्या. मानेवर ओला पंचा ठेवा, दोन सुती पंचे बॅगेत टाकाच.

सिडकोवाला: आणि लेकीला टेबलफॅन आत्ताच घ्यायला सांगा, लाट आली की दुकानात एकही उरत नाही. मी आठ दिवस फिरलो होतो.

गोदाकाठची: आत्ताच फोन केला तिला. एक घेतलाय म्हणाली, दुसरा माझ्या खोलीसाठी आज ऑर्डर करतेय.