भीतीची आठवण: एकदाच कोरली जाते का?
भीतीची आठवण एकदा पक्की झाली की ती काळ्या दगडावरची रेघ, हे विधान मला अर्धेच पटते. २००० साली नेडर, शाफे आणि लदू या मेंदूसंशोधकांनी आवाजापाठोपाठ विजेचा धक्का बसतो हे शिकलेल्या उंदरांना तोच आवाज पुन्हा ऐकवला आणि लगेच त्यांच्या अमिग्डालात (मेंदूतील भीतीशी निगडित भागात) प्रथिननिर्मिती रोखणारे अ‍ॅनिसोमायसिन हे औषध सोडले, तेव्हा दुसऱ्या दिवशी तो आवाज ऐकून ते पूर्वीसारखे थिजले नाहीत. गंमत अशी, की आवाज न ऐकवता तेच औषध दिलेल्या उंदरांची भीती जशीच्या तशी राहिली. म्हणजे जागी झालेली आठवण काही काळ ठिसूळ होते आणि टिकण्यासाठी तिला नव्या प्रथिनांची डागडुजी लागते. चौदा दिवस जुन्या भीतीबाबतही हेच आढळले.