शब्द कोणाचे, चाल कोणाची?

‘आय सरेंडर ऑल’ (‘मी सर्वस्व अर्पण करतो’) या इंग्रजी ख्रिस्ती भक्तिगीताची चाल व्हॅन डीव्हेंटर यांची असल्याचं आधीच्या एका नोंदीत लिहिलंय, त्यात एक दुरुस्ती. जडसन व्हॅन डीव्हेंटर यांनी शब्द लिहिले. चाल विनफिल्ड वीडन यांची. गीत 1896 मध्ये छापलं गेलं. वीडन यांचं नाव नेहमी मागे राहतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

व्हॅन डीव्हेंटर यांचा जन्म 1855 चा, मिशिगनमधला. पेनसिल्व्हेनियातल्या शॅरन गावी ते शाळांमधून चित्रकला शिकवत. मित्र म्हणत होते, सुवार्ताप्रसाराला, म्हणजे येशूचा संदेश सांगण्याला, वाहून घ्या. पण नामवंत चित्रकार व्हायचं स्वप्न सुटत नव्हतं. ही ओढाताण पाच वर्षं चालली. शेवटी कुंचला मागे पडला, आणि त्या निर्णयाच्या आठवणीतून हे गीत आलं. म्हणून मला ते कधीच गुळगुळीत वाटत नाही. ‘सर्वस्व’ म्हणणाऱ्या माणसाने आयुष्यभर जपलेली एक गोष्ट खरोखर सोडलेली होती.

पाचही कडव्यांची सुरुवात ‘येशूला मी सर्वस्व देतो’ याच कबुलीने होते. ध्रुवपदात वरचे आवाज ओळ म्हणतात आणि पुरुषांचे आवाज मागून तीच ओळ परत म्हणतात. चाल इतकी सोपी, की गाण्याचा सराव नसलेला माणूसही दुसऱ्या कडव्यापासून सामील होतो. ही वीडन यांची करामत! पुढच्या वेळी चार आवाजांत ऐकाल तेव्हा खालच्या आवाजांकडे जरूर लक्ष द्या.