लॅपटॉप अचानक बंद: चार्जर घेऊ की दुकानात नेऊ? (बजेट १५००)

सातारकर_८८: काल संध्याकाळी वळीव झाला. लाइट दोन-तीनदा गेली-आली आणि लॅपटॉप मेला. वॉरंटी कधीच संपली. चार्जर ६५ वॅटचा, बोर्डात लावला की त्यावरचा दिवा लागतो. बायकोच्या पीएचडीचं शेवटचं प्रकरण आत अडकलंय, सोमवारी गाइडना द्यायचंय. बजेट १५००, त्यावर एक रुपया नाही.

माझंच_खरं: बॅटरी गेली. माझी अशीच गेलेली. ३२०० ला नवी टाकली, वर्ष झालं, झक्कास चालतेय.

कोकणी_मेवा: चार्जर काढा, पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा, मग चार्जर लावून चालू करा. माझा असाच उठला होता.

नाना_पेठी: सरळ मॅकबुक घ्या. सहा वर्षांत एकदाही दुकानाची पायरी चढलो नाही.

खवचट: नाना, बजेट वाचलंत का?

नाना_पेठी: वाचलं. म्हणूनच म्हणतोय. दर पावसाळ्यात १५०० किती वेळा घालणार?

सोल्डरबाबा: पिन लॅपटॉपला लावल्यावरही दिवा लागलेला राहतो का? राहिला तर जॅक सैल असेल नाहीतर आतलं काही गेलं असेल. विझत असेल तर बहुधा मदरबोर्डवर शॉर्ट आहे आणि चार्जर स्वतःला वाचवायला बंद होतोय. मग नवा चार्जरही तेच करणार.

सातारकर_८८: विझतो. काढून पुन्हा बोर्डात लावला की लागतो. ३० सेकंदांचं करून झालं, ढिम्म.

सोल्डरबाबा: मग चार्जर घेऊ नका. आधी प्रकरण बाहेर काढा. मागचं झाकण उघडून एसएसडी (फाइली असतात ती डिस्क) काढायची, यूएसबी केसमध्ये (डिस्क बाहेरून जोडायचा डबा) घालून दुसऱ्या लॅपटॉपला लावायची. एसएसडी एनव्हीएमई प्रकारची की साटा ते बघून केस घ्या, दोन्हींच्या बहुधा वेगळ्या असतात. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर बघा.

विजेचा_धक्का: मूळ दुखणं अर्थिंगचं. आमच्या लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या यायच्या. वायरमनने बोर्ड उघडला तर तिसऱ्या, मोठ्या भोकाला वायरच नाही! घर बांधल्यापासून.

माझंच_खरं: आमच्याकडे साइन वेव्ह इन्व्हर्टर आहे, असले प्रश्नच येत नाहीत.

विजेचा_धक्का: इन्व्हर्टरचा आणि अर्थिंगचा काय संबंध?

माझंच_खरं: लाइट गेली की कळेल.

बुधवारी_बसतो: पुण्यात तापकीर गल्लीत न्या. फक्त समोर बसून करून घ्या. एका ठिकाणी लॅपटॉप ठेवून चहाला गेलो, आलो तर ८ जीबी रॅमची ४ झालेली. म्हणे पहिल्यापासून ४ च होती.

उशिरा_आलो: बटण ३० सेकंद दाबून बघितलंत का?

खवचट: 🙏

सातारकर_८८: सगळ्यांचे आभार. मेव्हण्याचं मोबाइलचं दुकान आहे, तो म्हणतो चार्जरच असणार. त्याच्याकडून ९५० ला घेतला.

सोल्डरबाबा: बरं.

सातारकर_८८: लॅपटॉपला लावला की विझतोय. परत घे म्हटलं तर म्हणतो, पाकीट फोडलंत. बाबा, ५५० मध्ये केस मिळेल का? आणि मागचे स्क्रू चांदणीसारखे आहेत, घरात चष्म्याचा स्क्रूड्रायव्हर आहे, तो चालेल?