वेंडोव्हरला जिओकॅशिंग: पोरं आणि आजी-आजोबा एकत्र, जमेल का?

मिनूची_आई
नमस्कार मंडळी. आम्ही वॉटफर्डला राहतो. मे अखेरच्या शाळेच्या सुट्टीत दोन कुटुंबं मिळून चिल्टर्न टेकड्यांत भटकायला जायचं घाटतंय. चार मोठे, तीन मुलं (सर्वांत धाकटी पाच वर्षांची) आणि साताऱ्याहून आलेले सासू-सासरे. सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर मजेत चालतात, चढ मात्र नको. नुसतं "चालायला जाऊ" म्हटलं की थोरला तोंड पाडतो, म्हणून ऑफिसातल्या एकीने जिओकॅशिंग सुचवलं, म्हणजे लोकांनी बाहेर लपवून ठेवलेले छोटे डबे फोनच्या जीपीएसने शोधायचे आणि आतल्या कागदावर सही करायची. अ‍ॅप उतरवलं तर चिल्टर्नमधल्या वेंडोव्हर गावाच्या आजूबाजूला डब्यांचे ठिपकेच ठिपके! सुरुवात कुठून करायची? आणि सासूबाई विचारतायत, "लोकांच्या कुंपणात हात घालायचा, कुणी हटकलं तर?"

काठीवाली
सासूबाईंचा प्रश्न सगळ्यात शहाणा, म्हणून तो आधी. डबा ठेवणाऱ्याने जागेच्या मालकाची परवानगी घ्यायची असते, आणि इकडे बरेचसे डबे सार्वजनिक पायवाटेच्या हाताशीच असतात. पिवळा बाण म्हणजे पायी चालणाऱ्यांची वाट, निळ्यावर घोडे आणि सायकलीही येणार. बाण सोडून शेतात शिरायचं नाही, खणायचं तर मुळीच नाही. कुणी हटकलंच तर खरं सांगा, लोक हसून सोडतात. एकच जागा सांभाळा. वेंडोव्हरजवळच्या कूम हिल टेकडीच्या पुढे चेकर्स आहे, पंतप्रधानांचं गावाकडचं घर. रिजवे नावाची लांब पल्ल्याची पायवाट त्याच्याच आवारातून जाते, पण ती सोडून आत पाऊल टाकणं हा तिथे फौजदारी गुन्हा आहे. तिथल्या झुडपांपाशी अख्ख्या खानदानाने वाकून उभं राहू नये.

आता बेत. दोन तुकड्या करा. चालणारे वेंडोव्हर स्टेशनवरून निघून बेकम हिलच्या चढाने वर येतील. आजी-आजोबांना कुणीतरी गाडीने डन्समोरच्या बाजूच्या नॅशनल ट्रस्टच्या कार पार्कला न्यावं. तिथून कूम हिलच्या स्मारकापर्यंतची वाट जवळपास सपाट आहे. बोअर युद्धात पडलेल्या बकिंगहॅमशरच्या सैनिकांचं हे स्मारक 1904 सालचं. खाली एल्सबरीचं खोरं पसरलेलं आणि लाल घारी चक्क डोळ्यांच्या रेषेत तरंगतात. इथून त्या पार नाहीशा झाल्या होत्या, 1989 पासून स्पेनहून पिल्लं आणून पुन्हा वसवल्या. सासऱ्यांना दुर्बीण द्या, मग त्यांना डब्याबिब्याची गरज पडायची नाही.

डबे निवडताना ठिपके मोजू नका. दिवसात पन्नास गाठणारी मंडळी असतात, त्यांच्याबरोबर चालणं ही शिक्षा आहे. पाच-सहा पुरे. अ‍ॅपमध्ये प्रत्येक डब्याला शोधण्याचं काठिण्य आणि वाटेची अवघडता असे एक ते पाचमधले दोन आकडे असतात, ते दोन्ही दीडच्या आतले, आकार 'स्मॉल' किंवा मोठा. 'मायक्रो' म्हणजे फिल्मची डबी नाहीतर त्याहूनही चिमुकली नळी. आत फक्त सही करायचा कागद, पोरं हिरमुसतात. आणि आधी शोधून गेलेल्यांच्या अ‍ॅपवरच्या शेवटच्या दोन-तीन नोंदी वाचा. ओळीने "सापडला नाही" असेल तर तो गेलेला समजा.

शोधायची रीत: फोन पाचेक मीटरपर्यंत आणून सोडतो, बीच वृक्षांच्या दाट झाडीत त्याहूनही लांब. तिथे तो खिशात टाकायचा आणि डोळे उघडायचे. कुंपण ओलांडायच्या लाकडी पायरीच्या फळीखाली, पाटीच्या खांबामागे, फाटकाच्या लोखंडाला चुंबकाने चिकटवलेला. झाडाच्या बुंध्याशी काटक्या शेजारी-शेजारी नीट रचलेल्या दिसल्या तर समजा सापडला. वाऱ्याने पडलेल्या काटक्या अशा कधी पडत नाहीत. हे पाच वर्षांच्या मुलांना आपल्याआधी दिसतं, कारण त्यांची नजरच त्या उंचीवर असते.

बरोबर पेन्सिल घ्या, ओलसर कागदावर पेन उठत नाही. चिमटाही घ्या, सहीच्या कागदाची गुंडाळी बाहेर काढायला. मुलांनी आतली वस्तू घेतली तर तेवढ्याच तोलाची ठेवायची. खाऊ मात्र नको, प्राणी वासाने डबा कुरतडतात.

बंडू_नाशिककर
एवढी पायपीट करून हाती काय, तर ओला कागद? आमच्याकडे या, हरिहरच्या पायऱ्या चढवतो.

काठीवाली
@बंडू, हरिहर चढलेय मी, गुडघे नवे होते तेव्हा. आणि ओल्या कागदाचं वेड इकडे फार जुनं आहे हो. इंग्लंडच्या नैऋत्येला डार्टमूरच्या दलदलीत क्रॅनमिअर पूलला 1854 मध्ये एका वाटाड्याने व्हिजिटिंग कार्डं टाकायला बाटली ठेवली, लोक अजून तिथे जातात. जीपीएसवाला खेळ 2000 चा. मे महिन्यात अमेरिकेने सामान्य लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि लगेच 3 तारखेला ओरेगॉनमध्ये डेव्ह अल्मरने एक बादली अर्धी पुरून तिचा पत्ता इंटरनेटवर टाकला. आत घेवड्याचा डबाही होता म्हणे. खाऊ नको हा नियम तेव्हा सुचला नसावा.

रेंज_नाही
थोडी भर. फुकटच्या खात्यात सगळे डबे दिसत नाहीत, पण पहिल्या खेपेला जे दिसतात ते भरपूर आहेत. डब्यांची माहिती घरूनच उतरवून घ्या, झाडीत नेट दगा देतं. कागदी नकाशा हवाच असेल तर ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर 181. मे अखेरीस नेटल कमरेएवढी वाढलेली असते, ती म्हणजे आपल्या खाजकुयलीची विलायती बहीण. मुलांना फुल पँट घाला, घरी आल्यावर गोचीड तपासा. वासरांसोबत गायी असतील तर मधून जाऊ नका, लांबून वळसा घाला.

मिनूची_आई
सगळ्यांचे आभार! थोरल्याने आत्ताच चिमटा शोधून दप्तरात टाकला. सासूबाई विचारतायत, वर स्मारकापाशी बसून डबा खाता येईल ना? म्हणजे आपला, दशम्यांचा.

काठीवाली
खुशाल. फक्त सतरंजी जाड घ्या, वर वारा फार असतो आणि मेंढ्यांच्या लेंड्याही. चटणी लसणाची असेल तर त्या दिवशी मीही तिकडेच येईन म्हणते.